दादा रेडिओवर बोलला तो शुक्रवार

भिवंडीत शुक्रवारी कारखान्यांना लाइट नसायची, म्हणून लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. बाहेरच्या माणसाला वाटायचं, आज गावाला सुट्टी आहे. सुट्टी कामगारांना होती. मला तो आठवड्यातला सगळ्यात धावपळीचा वार. लूम थांबली तरच ती उघडता येते, आणि उघडली की आत काय मोडलंय ते दिसतं. मग मालक नाहीतर त्याचा फिटर माझ्या दुकानाची वाट धरायचा. माझं दुकान जुन्या पार्टचं. कुठे कारखाना मोडीत निघाला की त्याच्या लूम मी वजनावर उचलायचो, सोडवायचो आणि एकेक भाग वेगळा विकायचो. आख्ख्या लूमला भंगाराचा भाव आणि तिच्या एका गिअरला सोन्याचा, हे गणित मला कोणी शिकवलं नाही. मला कोणीच काही शिकवलेलं नाही. ही माझी फुशारकी नाही, तक्रार आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. त्या आठवड्यात मंगळवारी आई आली. ती ठाण्याला दादाकडे राहायची. दादा तिथे कॉलेजात शिकवायचा. आमच्या दोघांचं भांडण झालेलं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. एकमेकांचा निरोप आईच पोचवायची, आणि पोचवताना तिला हवं तेवढंच पोचवायची.

"तुज्या दादाचं बोलनं हाय शुक्रवारी रेडिओवर," ती म्हणाली. "समद्यांनी ऐकायचं सांगितलंय."

"कशावर बोलणार आहे?"

"त्यो कसा घडला, त्यावर."

"कसा घडला? आणि किती वाजता घडणार आहे?"

"ते बोलला व्हता. माज्या ध्यानात न्हाय रायलं. तू फोन करून इचार की."

मी फोन करणार नव्हतो. आईला ते माहीत होतं, बायकोला माहीत होतं. शेजारच्या, सुताला खळ लावून देणाऱ्या सायझिंगवाल्याकडे फोन होता आणि दादाच्या खाली राहणाऱ्या डॉक्टरांकडेही होता. एक नंबर फिरवायचा, पाच मिनिटांचं काम. पण किती वाजता आहेस, असं मी विचारलं असतं तर त्याला कळलं असतं की मी ऐकणार आहे. भाव करताना ज्याला वस्तू हवी असते त्याने ती हातात घ्यायची नसते. तो नियम मी घरातही पाळायचो. म्हणून मी ठरवलं, सकाळपासून रात्रीपर्यंत रेडिओ चालू ठेवायचा.

त्यात एक अडचण होती. मला रेडिओ ऐकू यायचा, पण कळायचा नाही.

लूमवर वर्षं काढलेल्या पुष्कळांचं हे होतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. समोरचा माणूस बोलत असला की मी त्याच्या ओठांकडे बघायचो आणि सगळं समजायचं. लूमच्या खात्यात आम्ही असंच बोलायचो, दोन ओळींच्या पलीकडून, घशातून आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. धंद्यात त्याचा मला फायदाच झाला. गिऱ्हाईक बाजूला जाऊन आपल्या भागीदाराच्या कानात कुजबुजायचं, आणि त्याची शेवटची तयारी किती आहे ते मला गल्ल्यावर बसून कळायचं. लोक म्हणायचे, हा माणूस मनातलं ओळखतो. मी म्हणू द्यायचो. पण रेडिओला ओठ नसतात.

हे सगळं कुठून आलं ते सांगायला हवं, नाहीतर त्या दिवशी मी एवढा का तापलो ते कळायचं नाही. आमचे वडील लूमवर होते. दादा मॅट्रिकला आणि मी त्याच्यामागे तीन वर्षं, तेव्हा वडिलांनी अंथरूण धरलं. त्या काळी कामगार घरी बसला की त्याच्या लूमवर घरातलाच कोणीतरी उभा राहायचा, म्हणजे जागा दुसऱ्याला जात नसे. मोठा मुलगा जायचा, तशी रीतच होती. पण दादाची परीक्षा जवळ आली होती. परीक्षा होईपर्यंत तू जा, मग तो येईल, असं ठरलं. कोणी ठरवलं ते मला आठवत नाही. मला विचारलं नाही एवढं आठवतं. परीक्षा झाली. दादा पहिल्या वर्गात आला. वडिलांनी अंथरुणावरून पेढे वाटायला लावले. आणि पुढच्या सोमवारी शिफ्टला मीच गेलो.

त्यानंतर त्या पाळीबद्दल घरात कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याचं कॉलेज, त्याची नोकरी, त्याचं लग्न, सगळं झालं. मी लूमवरून फिटर झालो, फिटरचा दुकानदार झालो, त्याच्यापेक्षा जास्त कमवायला लागलो. मला त्याच्याकडून पैसा नको होता. मला एवढंच हवं होतं, की त्याने एकदा चार लोकांत म्हणावं, माझ्या जागी हा उभा राहिला. आणि आता तो चार नव्हे, सगळ्या मुलखासमोर बोलणार होता, तेही तो कसा घडला यावर. मला टाळून तो ते कसं सांगणार होता? मला वाटलं, आता त्याला पळायला जागा नाही.

शुक्रवारी सकाळी मी बायकोला म्हणालो, "आज तू दुकानात चल. ट्रान्झिस्टर घे, नवे सेल घाल."

"आणि स्वयंपाक?"

"डबा घे दोघांचा."

"भावजींसाठी एवढं? आणि तोंडाने म्हणता मला काय पडलंय."

"चल म्हटलं ना."

ती कधी दुकानात बसली नव्हती. तेलकट गिअरच्या ढिगात तिने पोत्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला, ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला आणि माझ्याकडे तोंड करून बसली. केंद्र नुकतंच लागलं होतं.

"भजन चालू आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता एक गृहस्थ विचार सांगतायत. रागावर ताबा ठेवावा म्हणतायत."

"कोणी?"

"सगळ्यांनी. तुमचं नाव घेतलेलं नाही अजून."

बातम्या झाल्या, त्यानंतर संस्कृत बातम्या. तिने तोंड वाकडं केलं. "हे मला नाही सांगता येणार. भावजी संस्कृतात नाही ना बोलणार?"

"त्याचा भरवसा नाही."

मग भातावरचा रोग. मग एका बाईने रक्त वाढवायला काय खावं ते सांगितलं आणि बायकोने मला शेजारच्या गल्लीतून खजूर आणायला पाठवलं. मग कोर्टकचेरीची माहिती, भाडेकरूचे हक्क. त्याला ती पुढे वाकून बसली, कारण दुकानाचा जागामालक आम्हाला दर वर्षी उठवायची धमकी द्यायचा. "पावती नसली तरी हक्क जात नाही," ती ठणकावून म्हणाली, जणू तिनेच निकाल दिला. मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आमचं घर दोन कारखान्यांच्या मधे होतं. सहा दिवस घरात रेडिओ लावून उपयोग नसायचा, आणि शुक्रवारी मी तिला आठवड्याचे कपडे धुताना पाहायचो. एवढा वेळ ती काही ऐकत बसलीय हे मी कधी बघितलंच नव्हतं.

दहाच्या सुमाराला गिऱ्हाईक सुरू झालं. एक कारखानदार आला, उत्तरेकडचा, बरीच वर्षं इथे असलेला, सोबत त्याचा मेहुणा. त्यांना एका जुन्या बनावटीच्या लूमचा मोठा गिअर हवा होता. तसला आता तयार होत नव्हता आणि गावात तो फक्त माझ्याकडे होता. हे त्यालाही माहीत होतं, म्हणून त्याने आधी दुसऱ्याच दोन वस्तूंचे भाव विचारले.

"आज भाभीजी को गद्दी पे बिठा दिया, सेठ?"

"रेडिओ सुनने आयी है."

"तो बोलो उनको, भाव वो बतायें. आप तो गला काटते हो."

मी भाव सांगितला. त्याने कानाला हात लावले. मेहुण्याला घेऊन तो दाराशी गेला आणि पाठ अर्धी वळवून बोलला. अर्धी पाठ मला पुरायची. माझ्या भावाच्या पाऊण भागापर्यंत तो यायला तयार होता. परत येऊन त्याने निम्म्याला मागितला.

"निम्म्यात भंगारवाला देईल," मी म्हणालो. "जाव उसके पास."

"श्शू," बायको म्हणाली. "वाळवीवर सांगतायत."

कारखानदार तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. "बाजार फिरके आता हूँ," म्हणून निघून गेला. मला माहीत होतं तो परत येणार.

मधे केंद्र बंद झालं, परत लागलं. आम्ही डबा खाल्ला. दुपारी इंग्रजी बातम्या, हिंदी बातम्या, मग संसदेत काय झालं त्याचा सारांश. कामगारांच्या कार्यक्रमात एक छोटं नाटुकलं झालं, त्यात मुकादम फार गोड बोलत होता. "असला मुकादम कुठे असतो हो?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, रेडिओवर. दुपारनंतर मी थकत गेलो. दिवसभर एका माणसाच्या ओठांकडे बघत बसणं म्हणजे काय ते ऐकू येणाऱ्याला कळत नाही. डोळे ओढल्यासारखे होतात, मानेत कळ येते. प्रत्येक वेळी निवेदकाचा आवाज आला की मी मान वर करायचो, आणि ती मान हलवायची: नाही, अजून नाही. भुईमूग. नाही, शेळ्यांचं लसीकरण. नाही, पुस्तकाची ओळख. बोलणाऱ्यांची एवढी मोठी रांग, आणि त्या रांगेत माझं काहीतरी अडकलंय, असं वाटत होतं.

संध्याकाळच्या मराठी बातम्या संपल्या तेव्हा कारखानदार परत आला. एकटाच. त्याच वेळी बायकोने हात वर केला.

"भावजींचं नाव घेतलं."

मी गिअर खाली ठेवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. ती एक वाक्य मागे राहून सांगायला लागली, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, म्हणजे रेडिओ झाकला जाऊ नये. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. माझ्याबरोबर राहून आलं असावं.

"खाडीपलीकडची शाळा. मास्तर पुस्तकं घरी न्यायला द्यायचे. कंदिलाची काच आई राखेने पुसायची." ती हसली. "आईंनी एकदा पुस्तकाच्या पानात तिखट बांधून शेजारणीला दिलं, ते सांगतायत."

"पुढे."

"वडील लूमवर. दमून यायचे, कानात कापूस. मुलाला म्हणायचे, तू शीक."

मला कधी म्हणाले नव्हते. पण ते असू दे.

"सेठ," कारखानदार मागून म्हणाला असणार, कारण त्याचा हात माझ्या खांद्यावर पडला. मी झटकला.

"वडील आजारी पडले. घरावर कठीण दिवस आले," बायकोचे ओठ सांगत होते. आता. आता त्याला सांगावंच लागेल. "पण माझं शिक्षण थांबलं नाही. ते दिवसही निघाले. कॉलेजात मला मोठे गुरू भेटले."

"थांब. मधे काय म्हणाला?"

"मधे काही नाही म्हणाले."

"दिवस कसे निघाले? कोणी काढले?"

"नाही सांगितलं हो. आता गुरूंचं सांगतायत." ती पुढे सांगत राहिली, प्राध्यापक, ग्रंथालय, पहिला लेख. मग एकदम थांबली. ओठ बंद. ट्रान्झिस्टरचा गुणगुणाट चालूच होता.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"तोंड बघून खोटं कळतं मला. सांग."

तिने मान खाली घातली आणि मग, मला दिसावं म्हणून, परत वर केली. "म्हणाले, शब्दांची लय मी पुस्तकांतून शिकलो नाही. ती मला यंत्रमागांच्या खडखडाटाने दिली. तो ताल आजही माझ्या कानात आहे."

नंतर वाद्य वाजलं. भाषण संपलं होतं.

माझे कान गेले त्या आवाजाने, आणि ताल याच्या कानात. मी उठलो. कारखानदार गल्ल्यावर पैसे मोजून ठेवत होता, माझ्याच भावाने. मी गप्प आहे म्हणजे एक पैसा सोडणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

"लो सेठ, आपकी जीत."

"उठाव पैसे! नहीं बेचना!"

"अरे, जो माँगा वो दे रहा हूँ!"

"नहीं बेचना बोला ना! किसीको कुछ नहीं बेचना!"

तो घाबरून दोन पावलं मागे गेला. बायकोने ट्रान्झिस्टर पोत्यावर ठेवला, पदराने हात पुसला, पैसे गल्ल्यात टाकले आणि दोन्ही हातांनी तो जड गिअर उचलून त्याला दिला. "ले जाव भैया. उनका आज डोका गरम है." डोका म्हणजे काय ते त्याला कळलं असावं, कारण तो लगेच गेला. मग ती मला म्हणाली, "आणि तुम्ही कुठे निघालात?"

"ठाण्याला."

"जाऊन काय मिळणार?"

"भाव करून येतो."

कापडाच्या गाठी घेऊन निघालेला एक टेम्पो मिळाला. कशेळीच्या पुलाआधी नेहमीसारखं सगळं अडकलं होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी मनात घोकत होतो. सुरुवात मोठ्या मागणीने करायची, म्हणजे खाली यायला जागा राहते. आधी म्हणायचं, तू चोर आहेस. मग म्हणायचं, निदान कृतघ्न आहेस. मग म्हणायचं, बरं, निदान... आणि त्या निदानाशी येऊन मी अडकायचो, कारण खरी मागणी तीच होती आणि ती इतकी लहान होती की तेवढ्यासाठी एवढी वर्षं तापून बसल्याची मलाच लाज वाटली. राग तिथेच, पुढच्या ट्रकच्या मडगार्डकडे बघता बघता, कमी झाला. नुसता थकवा उरला. पण परत फिरायलाही जागा नव्हती, दोन्ही बाजूंनी गाड्या.

दादाच्या दारात चपलाच चपला. आत सात-आठ माणसं, त्याच्या कॉलेजातली, शेजारची. वहिनींनी दार उघडलं आणि हातावर पेढा ठेवला. आई खाटेवर बसली होती. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तिला माझी पावलं कळतात.

"हे आमच्या सरांचे धाकटे भाऊ का?" एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते म्हणाले. "ऐकलंत की नाही?"

"ऐकलं."

"काय ते वाक्य! यंत्रमागांचा ताल! अहो सर, ते सुचलं कसं तुम्हाला?"

"मी सांगतो कसं सुचलं," मी म्हणालो.

दादा खुर्चीवरून उठला. "अरे, आत ये जरा. चहा घे."

स्वयंपाकघरात त्याने नळाकडे तोंड करून पेल्यात पाणी घेतलं आणि काहीतरी बोलला.

"इकडे बघून बोल. मला कळत नाही."

तो वळला. "अजून तसंच आहे?"

"तसंच म्हणजे? ते काय पडसं आहे का, जाईल म्हणायला? तुझा ताल आहे तो."

माझ्या कानांचं त्याला माहीत होतं. पण ते वाक्य लिहिताना त्याला ते आठवलं नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मुद्दाम केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"नऊ-दहा मिनिटं देतात रे," तो म्हणाला. "लेख आधी द्यावा लागतो, ते कापतात..."

"मास्तर राहिला. तिखटाची पुडी राहिली. मी कापला गेलो?"

"नाही. ते कापलं नाही कोणी." पेला त्याने ओट्यावर ठेवला. "मीच नाही लिहिलं."

"का? माझी लाज वाटते?"

"तुझी कशाला वाटेल? तुझं लिहायला घेतलं की पुढचं लिहावं लागतं. परीक्षेपर्यंत तू, मग मी, असं होतं. परीक्षा झाली, मी आलो नाही. ते कसं लिहू? दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा कागद फाडला."

मला वाटायचं की दादाला ही गोष्ट आठवतच नसेल. आपण एकटेच ती सांभाळून बसलोय. त्यालाही आठवत होती, अगदी त्याच शब्दांत, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला खाली बसावंसं वाटलं. वहिनींच्या पाटावर बसलो.

"मला एकदा बोलला असतास तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"तू बोलू द्यायचास? तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी चार शिव्या खायच्या."

"दोन."

तो जरासा हसला. मग म्हणाला, "परत बोलावतील ते मला. पुढच्या वेळी सांगतो, नक्की."

पुढच्या वेळी हा शब्द मी धंद्यात कधी घेतला नाही. "पुढच्या वेळी नाही. आत्ता. बाहेर बसलेत ना, त्यांना सांग."

"आत्ता? अरे, ते पेढे खायला आलेत."

"खाता खाता ऐकतील."

त्याने माझ्याकडे बघितलं. हे माझं तोंड त्याच्या ओळखीचं असावं. यापुढे भाव उतरत नाही, असं सांगणारं. तो बाहेर गेला. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो, जिथून त्याचे ओठ दिसतील.

"एक सांगायचं राहिलं भाषणात," तो उभ्यानेच म्हणाला. वर्गात बोलणारा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "वडील आजारी पडले तेव्हा लूमवर जायची पाळी माझी होती. मोठा मी. हा गेला. मला परीक्षा होती म्हणून. परीक्षेनंतर मी जायचं होतं. मी गेलो नाही. हा तिथेच राहिला. त्याचे कान त्यातच गेले. आणि तो ताल मी... तो मी फक्त डबा द्यायला जायचो तेव्हा दारातून ऐकलेला आहे."

झालं. एवढंच होतं. कोणी खोकलं. मुख्याध्यापकांनी हातातला पेढा अर्धा खाल्ला होता, तो खाली ठेवावा की संपवावा ते त्यांना ठरवता येईना. "अरे वा," शेवटी ते म्हणाले. "पूर्वी भावाभावांत असंच असायचं." शेजारच्या बाईंनी मान डोलावली. मग कोणीतरी विचारलं, माझा धंदा कशाचा, आणि भिवंडीत पडद्याचं कापड स्वस्त मिळतं का. मी म्हटलं, मिळतं. कुठे मिळतं तेही सांगितलं. आई पदर डोळ्यांना लावून बसली होती, पण मला वाटतं ती नेहमीप्रमाणे, दोघे एका खोलीत आहेत म्हणून रडत होती.

दादा माझ्याकडे बघत होता. पुरलं का, असं. मी आयुष्यात कोणत्याही भावावर पुरलं म्हटलेलं नाही. अजून थोडं, हा माझा शब्द. पण अजून काय मागणार होतो? मागितलं तेवढं त्याने साक्षीदारांसमोर, रोख दिलं होतं. मी मान हलवली. चहा घेतला. वहिनींनी बायकोसाठी पेढे बांधून दिले आणि शेवटची एस.टी. चुकायच्या आत मी निघालो.

माझी तक्रार गेली नाही. कान परत आले नाहीत, शाळा परत आली नाही, तशी तीही आहे तिथेच आहे. फक्त ती घेऊन आता जायला जागा उरली नाही. आधी सकाळी उठलो की ती माझ्याआधी उठलेली असायची, तिच्या जोरावर मी दुकान उघडायचो, तिच्या जोरावर गिऱ्हाइकाशी भांडायचो. तो दिवस गेला आणि मी नुसता दमलेला माणूस झालो.

पुढच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी मागितला त्या पहिल्याच भावाला मी माल देऊन टाकला. त्या शुक्रवारपासून बायको दुकानात येऊ लागली होती, रेडिओ घेऊन. दुसरं गिऱ्हाईक गेल्यावर तिने आवाज बारीक केला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग हे काय चाललंय? उठा तुम्ही गल्ल्यावरून. मी बसते."

मी उठलो आणि पोत्यावर तिच्या जागी जाऊन बसलो.